पोस्टमनची संध्याकाळ

"हे आमचं नाही," मोरिवाकी काका म्हणाले.

गेमचं मशीन नुकतंच चालू झालं होतं. पडद्यावर फुग्याच्या टोपलीत बसलेला पोस्टमन टोपी सावरत डोंगरांवरून निघाला होता आणि त्याच्या मागे लख्ख निळं आकाश पसरलं होतं. हिरोमू निवा मशीनच्या मागून डोकावून काकांच्या तोंडाकडे बघत होता, एखादा बरा शब्द येईल म्हणून. महिनाभर तो या पिक्चर ट्यूबच्या मागे लागला होता. सुकलेले कपॅसिटर बदलले, तिन्ही रंग एकमेकांवर नीट बसवले. काचेवरचा सिगारेटचा थर धुतला, तेव्हा बादलीतलं पाणी कोऱ्या चहासारखं झालं होतं.

"तुमचंच आहे, काका. ट्यूबसुद्धा तीच आहे."

"पन्नाशी आली तरी तुझ्या थापा काही गेल्या नाहीत. आमच्या पोस्टमनच्या मागे संध्याकाळ असायची. केशरी. हे काय, भर दुपारी टपाल वाटतोय."

तोकिए काकू गल्ल्यामागे संत्रं सोलत बसल्या होत्या. "सगळ्या आमागासाकी गावाचा धूर त्या काचेवर बसला होता," त्या म्हणाल्या. "निम्मा तर यांचाच. म्हणे संध्याकाळ."

काकांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आज त्यांच्या गेम पार्लरचा शेवटचा दिवस होता. बाकीची मशीनं गेल्याच आठवड्यात गेली, फरशीवर त्यांचे चौकोन तेवढे राहिले होते. जुनी पोरं आज येणार होती. काका त्यांना अजून पोरंच म्हणत, त्यातल्या एकाला नातू झाला होता तरी. कुणी कोबेहून, कुणी पार हिरोशिमाहून, या एका गेमसाठी. तो त्यांना होता तसा मिळावा, एवढंच काकांचं मागणं होतं. निवाने मात्र तो बनवणाऱ्यांनी बनवला तसा करून आणला होता.

निवाला राग आला. मग वाईटही वाटलं, कारण काकांचं खोटं नव्हतं. आपल्या वर्कशॉपमध्ये त्याने हा पडदा पहिल्यांदा लावला, तेव्हा तोही दचकला होता. काहीतरी चुकलं म्हणून त्याने रंग तपासायची पांढऱ्या रेघांची जाळी पडद्यावर लावून बघितली. पांढरा भातासारखा पांढरा होता. म्हणजे निळाही खराच होता. काम जमलं याचा आनंद झाला होता आणि कुणीतरी खिसा कापल्यासारखंही वाटलं होतं.

"बिघडवता येईल," तो शेवटी म्हणाला.

"मग बिघडव की. वाट कसली बघतोस?"

निवाने काकांना पडद्यासमोरच्या स्टुलावर बसवलं आणि त्यांच्या हातात आरसा दिला. रंगाचे स्क्रू मागच्या बाजूला असतात, त्यामुळे मागून काम करणाऱ्याला पुढचं चित्र आरशातूनच बघावं लागतं. डावा हात त्याने पँटच्या खिशात घातला. ट्यूबवाल्यांची ही रीतच आहे. दोन्ही हात आत घातले की करंट छातीतून वाट काढतो. उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने त्याने निळा थोडा उतरवला, लाल थोडा चढवला. पुन्हा निळा.

"आरसा हलवू नका, काका."

"हलत नाहीये. तूच हलतोयस."

थरथरत्या आरशात ढग तांबूस झाले, डोंगर काळवंडले, आणि आकाश हळूहळू ओळखीचं व्हायला लागलं. त्याने उजेड जरासा मारला. मग स्क्रूड्रायव्हर बाहेर काढला.

काकांनी आरसा मांडीवर ठेवला. वाकून त्यांनी काचेवर बोटाने टकटक केली आणि अगदी सहज म्हणाले, "बघ, याचीसुद्धा संध्याकाळ झाली. नीघ आता."

निवाचा हात आपोआप खांद्याकडे गेला, दप्तराचा पट्टा चाचपायला.

या बाजारगल्लीवर पहिल्यापासून छप्पर आहे, इथून आकाश दिसत नाही. पोरांनी घरी जावं म्हणून गावात पाच वाजता भोंग्यावर गाणं लागतं, ते मशीनच्या गोंगाटात कुणालाच ऐकू येत नसे. काका कधी पोरांवर ओरडले नाहीत. पाच वाजले की या मशीनपाशी यायचे, काचेवर टकटक करून एवढंच म्हणायचे. शाळा सुटल्यावर आलेल्या पोरांना ते खरंच वाटायचं. अर्धवट राहिलेला डाव सोडून ती उठायची. कुणाच्या आईला कधी हाका मारत पार्लरपर्यंत यावं लागलं नाही.

"काय बावळट होतो आम्ही," निवा म्हणाला.

"गुणी होतात," काकू म्हणाल्या. त्यांनी संत्र्याच्या दोन फोडी त्याच्या हातावर ठेवल्या.

तेवढ्यात शटरवर थापा पडल्या. बाहेर चांगलीच गर्दी जमलेली दिसत होती. "काका, उघडा की," कुणीतरी ओरडलं, "गुडघे दुखायला लागले आमचे." मागे हशा पिकला. काकू किल्ल्या घेऊन निघाल्या.

काका उठले नाहीत. त्या केशरी आकाशाकडे बघत बसले. पोस्टमन एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर गेला, कुणी न खेळवताच.

"हिरोमू," ते म्हणाले, "निळा परत चढव."

"काका, आत्ताच तर..."

"चढव म्हणतो ना. संध्याकाळ दिसली की उठतील लेकाचे. तशी सवयच लावलीय मी त्यांना."