सत्ताविसावा सांधा

दहा लिटरची बादली चौदा सेकंदांत भरली. कामावरची इंजिनिअर माख्तेल्ड हिने घड्याळ थांबवले, बादली ओतली आणि पुन्हा धारेखाली धरली. पुन्हा चौदा. एका मोजणीवर विसंबण्याची तिला सवय नव्हती. दुसऱ्या मोजणीनंतर मात्र आकडा मानण्यावाचून इलाज उरला नाही.

पाणी सत्ताविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या पत्र्याच्या मधून येत होते. कालव्याच्या जुन्या दरवाज्यांची दुरुस्ती करायची, म्हणून त्यांच्या पुढ्यात पोलादी पत्र्यांची भिंत उभी केली होती. प्रत्येक पत्र्याची वळलेली कड शेजारच्याच्या कडेत अडकवून, ठोकत ठोकत तळाच्या चिकणमातीत उतरवलेली. मग आतले पाणी उपसले होते. बाकीचे सांधे थोडेफार पाझरत होते, आणि तेवढे ते पाझरणारच. या एकाने मात्र पिचकारी सोडली होती.

कारणे दोन संभवत होती. एक तर सांधा नुसता सैल होता, किंवा ठोकताना खाली कुठेतरी कडेतून कड निसटली होती. वरून दोन्ही सारखीच दिसतात. सैल असेल तर बुजवता येतो. निसटला असेल तर दणके देणारे यंत्र परत आणून दोन्ही पत्रे उपटायचे आणि पुन्हा ठोकायचे. आणि भिंतीपासून बारा पावलांवर फ्राउकेबाईंचे विटांचे घर होते, ज्याच्या पायाखाली मातीखेरीज काही नव्हते. पहिल्या ठोकाठोकीत त्याच्या दर्शनी भिंतीला एक तडा गेला होता. तडा जरा जरी रुंदावला तरी तुटेल अशी काचेची पट्टी माख्तेल्डनेच त्यावर चिकटवली होती. ती अजून अखंड होती. आणखी आठवडाभर दणके बसले तर ती राहील असे माख्तेल्ड लिहून द्यायला तयार नव्हती.

मुकादम वीब्रनला शंकाच नव्हती. अठ्ठाविसावा पत्रा उतरताना त्याचा हात सत्ताविसाव्यावर होता, आणि तो पत्राही शेवटपर्यंत थरथरत होता. म्हणजे कड कडेत होती.

"तळहात हे काही मोजमापाचं उपकरण नाही," माख्तेल्ड म्हणाली.

"तुमच्या उपकरणाला बॅटरी लागते, बाई. याला नुसती कॉफी पुरते."

यंत्र उद्या पाठवायचे की नाही, ते तीनच्या आत कळवायचे होते. सव्वा वाजला होता. वीब्रनचे म्हणणे होते की लाकडाचा भुसा घालून बघावा. त्याच्या बापाच्या वेळेपासून हेच करत आले आहेत. बापाच्या वेळेपासून चालत आलेल्या बऱ्याच गोष्टी चुकीच्या असतात, हे माख्तेल्डला ठाऊक होते. पण विचार करता तिच्या लक्षात आले की हा उपाय कमी आणि परीक्षा जास्त आहे. सांधा सैल असेल तर भुसा आत अडकेल आणि फुगेल. निसटलेला असेल तर पाण्याबरोबर सरळ बाहेर येईल. जमिनीला इतका स्वच्छ प्रश्न विचारण्याची संधी क्वचित मिळते. एवढ्याच कारणासाठी ती हो म्हणाली.

पोलादाच्या कामावर भुसा कुठून असणार? सकाळपासून कुंपणाशी उभ्या असलेल्या फ्राउकेबाई घरात गेल्या आणि एक पोते घेऊन आल्या. त्यांच्याकडे चार ससे होते.

"आज त्यांना वर्तमानपत्रावर झोपावं लागणार," त्या म्हणाल्या. "तेव्हा सांडू नका." आणि पुन्हा आत गेल्या. फळीवरच्या निळ्या ताटल्या त्या उतरवून घोंगडीत गुंडाळत होत्या. दणक्यांनी पडू नयेत म्हणून पहिल्या ठोकाठोकीच्या वेळीही त्यांनी तेच केले होते.

वीब्रनने भुसा दाबून भरलेली बादली लांब काठीला उलटी बांधली, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला सांध्यालगत पाण्यात दोन मीटर खाली नेली आणि हलवली. आत माख्तेल्ड धारेखाली बादली धरून उभी होती. थोड्याच वेळात तिच्या बादलीत पिवळे कण दिसू लागले.

"बाहेर येतोय," तिने वर सांगितले. तिचा आवाज सपाट होता, पण ती घड्याळ लावायचे विसरली होती.

 दुसरी बादली उतरली, मग तिसरी. चौथीला धार बोटाएवढी झाली, मग सुतळीएवढी. पाचवीनंतर ती तुटली आणि थेंब पडू लागले. मग थेंबांमधले अंतर वाढत गेले.

वीब्रन शिडीवरून खाली आला आणि हात पुसत उभा राहिला.  माख्तेल्डने दुसरी, कोरडी बादली खाली ठेवली आणि दहा मिनिटे घड्याळ लावून वाट पाहिली. बादलीचा तळही पुरता ओला झाला नाही. तिने आणखी दहा मिनिटे लावली.

ती वर आली तेव्हा फ्राउकेबाई खिडकीत होत्या. हातात एक ताटली, अर्धवट गुंडाळलेली.

"बसला का सांधा?"

"आत्ता, या घडीला, पाणी येत नाहीये," माख्तेल्ड म्हणाली. "तेवढंच मी सांगू शकते."

"लग्नात पाद्र्यासमोर माझा नवराही साधारण एवढंच म्हणाला होता," फ्राउकेबाई म्हणाल्या. "बेचाळीस वर्षं टिकलं."

वीब्रन मोठ्याने हसला. माख्तेल्डने फोन काढला, नंबर फिरवला आणि यंत्र नको म्हणून सांगितले. पलीकडचा माणूस कारण विचारत होता. ती उत्तर जुळवत असतानाच खिडकीतून ताटल्या पुन्हा फळीवर लागल्याचा आवाज आला. एक. मग दुसरी. सवयीने माख्तेल्ड मोजत राहिली. पलीकडच्या माणसाने दोनदा हॅलो म्हटले. बाराव्या ताटलीनंतर खिडकी लागली.