एक नोंद जास्त

मृत्यूच्या जुन्या नोंदी नव्या डेटाबेसमध्ये हलवायचं काम तिच्याकडे होतं. वेग गोगलगायीचा होता, म्हणून त्या दुपारी तिने सगळ्या तपासण्या बंद करून हजार-हजार नोंदी एकदम ढकलल्या. चाळीस लाख नोंदी वीस मिनिटांत पार झाल्या.

मोजणीत एक नोंद जास्त निघाली. जुन्या डेटाबेसमध्ये ती नव्हतीच. तिने ती पुसली आणि पुन्हा मोजलं, तरी ती तिथेच होती.

मग तिने ती उघडून वाचली. नाव आईचं होतं, तारीख आजची.

तिने लगेच घरी फोन लावला. "आई, बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? तुझ्या ऑफिसातले दोघं आलेत बघ."

"आई, दार उघडू नकोस!"

"अगं, कधीचे आत बसलेत. घाई नाही म्हणतात."