हुंदक्याची जागा

"हुंदका कुठंय, आर्डिथबाई?" रेकॉर्डिंगच्या खोलीच्या काचेपलीकडून निर्मात्यानं, ब्राइसनं विचारलं. "'केव्हाही' आणि 'ये' यांच्या मधला. अख्खा देश रडला होता त्याच्यावर."

आर्डिथ मेपल्सनं हेडफोन गळ्यात ओढले. "देश मोठा झाला असेल की आता, बाळा. मी तरी झालेय."

वाजवणारे हसले. ब्राइस नाही हसला.

तिच्या गाजलेल्या गाण्यांचा अल्बम निघत होता. मूळ रेकॉर्डिंग जुन्या कंपनीच्या तिजोरीत पडलेलं, आणि कंपनी ते सोडायला तयार नव्हती. म्हणून साठी उलटलेल्या आर्डिथनं आपलीच गाणी पुन्हा गायची, ती पण अशी की ऐकणाऱ्याला फरक कळता कामा नये. नॅशव्हिलमध्ये याला नक्कल म्हणत नाहीत. धंदा म्हणतात.

बाकीची गाणी तिनं मुकाट्यानं गाऊन दिली होती. राहिलं होतं तेवढं 'ताट झाकून ठेवलंय'. नवरा गुत्त्यात, बायको घरात, टेबलावर मक्याचा पाव आणि घेवडा झाकलेला. 'केव्हाही ये, राजा.' तेविसाव्या वर्षी तिनं ते रडवेली होऊन गायलं आणि रात्रीत मोठी झाली. मग जत्रांत, छावण्यांत, बैलांच्या बाजारात, जिथं जाईल तिथं लोकांनी तो हुंदका मागितला आणि तिनं तो खोटा काढून दिला. वर्षानुवर्षं. गेल्या हिवाळ्यात बायकांच्या तुरुंगात गाताना मात्र तो आलाच नाही. 'केव्हाही ये' ती खालच्या पट्टीत, सावकाश, सरळ म्हणाली. बाई अंधारात टेबलाशी बसलीय आणि तिच्या हातात पळी नाही, दुसरंच काही आहे, असं ते 'ये' होतं. टाळी पडली नाही. मागच्या रांगेतली एक कैदीण नुसती उठून उभी राहिली. आपल्याला गाता येतं, हे आर्डिथला त्या दिवशी कळलं.

"वाईट नाही हो हे," ब्राइस म्हणत होता. "पण हे दुसरंच गाणं झालं. लोकांना तुमचं तेविसावं वर्ष पाहिजे. हुंदका नाही तर गाणं नाही. आणि हे गाणं नाही तर अल्बम घेणार कोण? तुम्हीच सांगा." त्यानं खोलीतला आवाज आपल्याकडं येणं बंद केलं आणि फोन कानाला लावला.

आर्डिथ हॉलिसकडं वळली. मूळ गाण्यात वाजवलेल्यांपैकी तो एकटाच उरला होता. स्टील गिटार मांडीपुढं घेऊन बसलेला. हुंदक्याच्या मागोमाग त्याच्या तारा जो टाहो फोडायच्या, तो या गावातल्या प्रत्येक वाजवणाऱ्यानं चोरला होता. हॉलिसनं जन्मभर त्याच्यावरच भाकरी खाल्ली.

"तू तरी बोल की, हॉलिस. एक पाय थडग्यात गेला, आता कोणाला भितोस?"

"मी काय बोलू, आर्डी? तू हुंदका दिला नाहीस, तर माझी तार उत्तर कशाला देणार?"

"तो हुंदका नव्हता रे." हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याच्या, डॉइलच्या मयतीला तेच गाणं गायली, तेव्हाही नाही. "त्या दिवशी सकाळी डॉइलनं माझी बरगडी मोडली होती. श्वास आत जाईना. 'ये' म्हणायला हवाच नव्हती माझ्याकडं. बस्स, एवढंच."

हॉलिस तारांवर फिरवायची पोलादी कांडी फडक्यानं पुसत राहिला. तिच्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"सगळ्यांनाच माहीत होतं. तुला कोट काढता येईना. डॉइल काचेमागं सिगारेट ओढत उभा. बाईच्या घरात काय चाललंय ते विचारायचं नाही, कागदावरचे सुरांचे आकडे बघायचे आणि वाजवायचं, हीच रीत आमची. पहिल्या खेपेला तो श्वास नीट ऐकू आला नाही. म्हणून दुसऱ्या खेपेला माईक तुझ्या जवळ सरकवला."

"कोणी?"

"मीच म्हणालो, सरकवा."

आर्डिथनं हेडफोन चढवले आणि काचेवर टकटक केली. "घे रे."

लाल दिवा लागला. ती गायली. 'केव्हाही'ला लागूनच 'ये' आलं, मध्ये सुईला जागा नाही. डॉइल कधीच मातीत गेला होता. ते 'ये' त्या खोलीतल्या माणसांना होतं. हॉलिसनं कांडी उचलली, पण तारांवर ती उतरलीच नाही. टाहो फुटायचा तिथं नुसती शांतता गेली. ढोलवाल्यानं मान वर केली नाही.

दिवा विझला. ब्राइस दार ढकलून आत आला, खुशीत.

"फक्कड! आता घरी जाऊन आराम करा, आर्डिथबाई. ती हुंदक्याची जागा आम्ही भरून घेतो. इथल्याच ब्रॉडवे रस्त्यावरच्या बारमध्ये एक पोरगी तुमची गाणी गाते. आत्ताच बोललो तिच्याशी. गेल्या वर्षापर्यंत तिला तो हुंदका अजिबात जमायचा नाही. लग्न झालं, आणि आता काय लागतो म्हणून सांगू!"

"नाव काय तिचं?" आर्डिथनं विचारलं.

"नाव कशाला?" ब्राइस हसला. "नाव तुमचंच छापायचंय."