अकरा खिशांचं जाकीट

जावयाला रिकामं टेबल बघवत नसे. दिसलं की त्यावर नकाशा पसरायचाच. आजही दुकानात आल्या आल्या त्याने सासूबाईंच्या कापड कापायच्या टेबलावर नकाशा अंथरला, चार कोपऱ्यांवर त्यांचीच चार रिळं ठेवली आणि शाईचं पेन उघडं टाकलं. शेजारी नर्सांच्या गणवेशांचं पांढरं कापड होतं. सासूबाईंनी आधी पेनाला टोपण घातलं, मग तोंड उघडलं.

"बोला जावईबापू. काय काढलंत?"

"छोटीशी दुरुस्ती." त्याने पिशवीतून जाकीट काढलं. "पोटावर जरा धरतंय. बोटभर सैल केलंत तर बरं."

मातकट रंगाचं, अकरा खिशांचं जाकीट. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंनीच शिवलं होतं. तीन डोंगरांपलीकडे नदीच्या वळणावर पाणमांजरं असतात, ती बघायला जायचं होतं. ना एजंट, ना गाईड, ना टोळकं. सगळं आपलं आपण ठरवून. शिट्टीला खिसा, होकायंत्राला खिसा, जळवांवर टाकायच्या मिठाला खिसा. सैल करायची ही तिसरी खेप. जाकिटाला चिखलाचा एक शिंतोडा नव्हता. कोपर तेवढे टेबलाला घासून चकचकीत झाले होते.

"म्हणजे उद्या निघताय," सासूबाई म्हणाल्या.

"उद्या कुठलं! नदीला पाणी चढलंय दोन फूट, कालच कळलं. पाणी चढलं की ती वरच्या अंगाला सरकतात. आपली झुडपामागची जागा बाद. आता सगळा आराखडा नव्याने मांडायचा." त्याने नकाशावर बोट टेकवलं. "पुढच्या वर्षी पक्कं."

पहिल्या वर्षी चंद्र आडवा आला होता, दुसऱ्या वर्षी वारा, गेल्या वर्षी दुर्बिणीची काच. अंगण तेच, दर वर्षी निराळ्या कोपऱ्यात वाकडं.

त्यांची मुलगी, म्हणजे त्याची बायको, खिडकीपाशी स्टुलावर बसून आईने शिवलेल्या गणवेशांना बटणं लावत होती. तिची सुई थांबली.

"माझी रजा मंजूर झालीय," ती म्हणाली. "आठ दिवस. लॅबमधल्या तिघींच्या रविवारच्या ड्युट्या केल्या तेव्हा मिळाली. आत्ता नाही घेतली तर बुडाली. उद्या सकाळच्या गाडीची तिकिटंही काढलीत."

"अगं, पण एवढं जाऊन दिसलंच नाही तर? पाणमांजर किती वेळ पाण्याखाली राहतं, माहितीय तुला?"

"नाही."

"चार-चार मिनिटं!"

"चार मिनिटांनी वर तरी येतं ना," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हाला चौथं वर्ष लागलं."

जावई हसला. चेष्टा आहे असं त्याला वाटलं.

"मला नुसतं तिथे जाऊन बसायचंय, आई," मुलगी खाली बघत म्हणाली. "ती नाही दिसली तर नदी दिसेल."

सासूबाईंनी जाकीट उलटं केलं आणि बगलेपासून खालपर्यंत शिवण ब्लेडने उसवली. आत जुन्या टाक्यांच्या दोन रेघा होत्या. त्यांच्यापुढे कापडाचा काठ.

"सोडायला कापड उरलं नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे संपलं. दोनदा सोडलं, तेवढंच होतं." मग त्या मुलीकडे वळल्या. "ऊठ गं. इकडे उभी राहा. हात बाजूला."

जाकीट तिच्या अंगावर पोत्यासारखं लोंबलं. सासूबाईंनी टाचण्या तोंडात धरल्या आणि एकेक करत दोन्ही बगलांत खोचल्या. खडूने रेघ मारली.

"अहो, तिचं माप कशाला घेताय?" जावई म्हणाला. "माझं आहे ते."

तोंडात टाचण्या असताना सासूबाई कुणाशी बोलत नसत. त्यांनी चारी रिळं उचलली, नकाशाची गुंडाळी केली आणि त्याच्या हातात दिली. मोकळ्या टेबलावर जाकीट पसरलं. कात्री एका दमात बगलेपासून खालपर्यंत गेली, मग दुसऱ्या बाजूने. मातकट कापडाच्या दोन पट्ट्या जमिनीवर पडल्या.

"अहो, कापलंत!"

मशीन सुरू झालं. त्या आवाजात तो अजून काहीतरी बोलत होता. दोन फूट पाणी, वरचं अंग, पुढचं वर्ष. मुलगी मशीनजवळ उभी राहून आईच्या हातांकडे बघत होती. शेवटचा दोरा सासूबाईंनी दाताने तोडला.

या वेळी जाकीट तिच्या खांद्यावर नीट बसलं. बाह्या तिने दोनदा दुमडल्या. पर्समधून दोन तिकिटं काढली, एक वरच्या खिशात घातलं, दुसरं टेबलाच्या कडेला त्याच्यासमोर ठेवलं.

त्याने तिकिटाकडे पाहिलं. नकाशाची गुंडाळी या काखेतून त्या काखेत घेतली. मग सासूबाईंना विचारलं, "आणि मी काय घालू?"

सासूबाई खाली पडलेल्या पट्ट्या गोळा करत होत्या. त्यांनी वरही पाहिलं नाही.

"तुम्हाला कशाला हवंय जाकीट, जावईबापू? टेबलापाशी जळवा चढत नाहीत."