हाकेचं नाव

चिमण तांडेल ओट्यावर फाटलेलं जाळं नीट करत बसला होता आणि त्याची मुलगी दक्षा त्याच्यासमोर लॅपटॉप उघडून. झाई गावच्या मच्छीमार संस्थेचे सभासद, त्यांच्या होड्या, त्यांचं डिझेल, सगळं एका डेटाबेसमध्ये आणायचं हा तिचा एम.सी.ए.चा प्रकल्प होता. काम एकच, पण ते दोन पद्धतींनी करून पाहायचं आणि कोणती बरी ते लिहायचं.

पहिल्या पद्धतीचं नाव काय, असं त्याने विचारलं. धबधबा, ती म्हणाली. आधी सगळ्यांना विचारून काय काय हवं ते लिहून घ्यायचं, त्यावर सह्या घ्यायच्या, मग आराखडा, मग बांधणी. एक पायरी उतरली की वर जायचं नाही. दुसरीत थोडं बांधायचं, लोकांना दाखवायचं, चुकलं तर मोडून पुन्हा बांधायचं.

"धबधबा डोंगरातल्यांना ठीक," चिमण म्हणाला. "आपल्याकडं पाणी परत येतं."

तिला हसू आलं. पण मार्गदर्शकांना पहिलीच पद्धत पसंत होती, आणि खरं तर तिलाही.

तो हात पुसून तिच्या मागे येऊन उभा राहिला. सभासदांच्या तक्त्यात क्रमांक होता, नाव होतं, आडनाव होतं, होडी होती. हाकेचं नाव कुठंय, त्याने विचारलं. शाळेच्या दाखल्यावरची नावं इथे ज्याची त्यालाच आठवत नाहीत. तिने समजावलं, हाकेच्या नावाला कागद नसतो. एका गल्लीत दोन तानी आहेत, मग काय करायचं?

"दोघी ओ देतील. काय बिघडलं?"

"बाबा, यादी ठरली आता. तूपण सही केलीस."

"मला वाटलं हजेरी आहे," तो म्हणाला आणि पुन्हा जाळ्याकडे गेला.

संध्याकाळी आतून त्याची हाक आली. "भिकी, चहा."

तिच्या आधीची दोन मुलं राहिली नव्हती, म्हणून ही देवाकडे भीक मागून घेतलेली, भिकी. दक्षा हे नाव शाळेत घातलं तेव्हाचं. कॉलेजला गेल्यापासून तिने भिकी या हाकेला ओ दिली नव्हती. त्यावर दोघांत कधी बोलणं झालं नाही. तो आधी भिकी म्हणे, थांबे, पुन्हा भिकी म्हणे, आणि मग दक्षा. त्या दिवशीही तो दोनदा थांबला.

"दक्षाबाई, चहा गार होतोय."

"आले," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी पाण्यात ढकलताना तो वाळूत बसला, तो उठलाच नाही.

चिमणचा संस्थेतला हिस्सा दक्षाच्या नावावर झाला. संस्थेची सभा भरली तेव्हा ती सर्वांत नवी सभासद म्हणून शेवटच्या रांगेत बसली होती. तलासरीहून नुकताच आलेला सचिव उमेश तिच्याच डेटाबेसमधून हजेरी घेत होता. जुन्या सचिवाला कधी नावं वाचावी लागली नव्हती, तो चेहरे बघून खुणा करी.

"पार्वती मेहेर."

कोणी बोललं नाही. पहिल्या रांगेतली म्हातारी जानी मान वळवून ही पार्वती कुठे बसलीय ते बघत होती.

यादी संपली. हॉल माणसांनी भरलेला होता, आणि गणसंख्या भरत नव्हती. ओ देईल तो हजर, उमेश नम्रपणे पण ठामपणे सांगत राहिला. सभा रद्द झाली तर डिझेलचा ठराव लांबणीवर पडणार होता आणि होड्या किनाऱ्याला बसणार होत्या. लोक चिडले.

दक्षा पुढे गेली. लॅपटॉप आपल्याकडे ओढून तिने सभासदांचा तक्ता उघडला आणि त्यात एक रकाना वाढवला. सह्या झालेल्या कागदात तो नव्हता. लोकांना तिने रांगेत यायला सांगितलं.

पहिलीच जानी आली. "कुठलं सांगू? इथं जानी. नरपडला माहेरी तुळशी म्हणतात."

दक्षाचे हात थांबले. बाबांनी मागितलेला एक रकानाही पुरणार नव्हता. तिने तो पुसला, हाकांचा वेगळा तक्ता केला आणि सभासदाच्या क्रमांकाला जोडला. एका माणसाला हव्या तितक्या हाका.

"दोन्ही सांग, मावशी."

मागून कोणीतरी म्हणालं, जानीला एवढ्या हाका कशाला, एकीलाही येत नाही. रांग हसली. हसतच पुढे सरकत राहिली. काळ्या आला, हाल्या आला, दोघी तानी एकदमच आल्या. शेवटी रांग संपली आणि पडद्यावर तिची स्वतःची ओळ राहिली. तिने तिथे काहीतरी लिहिलं, लॅपटॉप उमेशकडे फिरवला आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

हजेरी पुन्हा सुरू झाली. आता हॉलच्या सगळ्या कोपऱ्यांतून ओ येत होती. तानी म्हटल्यावर दोघींनी दिली.

उमेश शेवटच्या ओळीवर आला.

"भिकी."

ही हाक कोणाच्या तोंडची, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. उमेशला तेवढं माहीत नव्हतं. तो थोडं थांबला.

"भिकी."

कोणी मागे वळून पाहिलं नाही. जानीनेही नाही. उमेशने पडद्यावरचं बोट सरकवून शेजारचं, दाखल्यावरचं नाव शोधलं आणि ते वाचायला तोंड उघडलं.

"ओ," दक्षा म्हणाली.