एक बोट, दोन चाप

"सकाळी पिस्तूल, दुपारी रायफल! अगं, एकाच बोटाला किती शिकवशील? एक काहीतरी सोड." नेमबाजी शिकवणारे घोरपडे सर सहा महिने हेच सांगत होते, पण शर्वाणी ऐकत नव्हती. आज सकाळी ती पिस्तुलाच्या फायनलमध्ये पोचली, पण त्या फेरीकडे सर फिरकलेसुद्धा नव्हते.

दुपारी सरांचंच खरं झालं. पिस्तुलाचा चाप जोर लावल्याशिवाय सुटत नाही, रायफलचा नुसत्या स्पर्शाने सुटतो. सरावात जमलं, पण स्पर्धेचा पहिला छर्रा मारताना बोटाने सकाळचाच जोर लावला आणि नेम धरायच्या आत तो सुटला. दहा पॉइंट नऊपैकी फक्त सात पॉइंट नऊ गुण. मागे बसलेल्या सरांनी कपाळावर हात मारला.

पुढचे अठ्ठावन्न छर्रे ती चूक भरून काढण्यात गेले. राज्याच्या संघात जायला शेवटच्या छर्ऱ्याला दहाच्या वर गुण हवे होते. चाळीस सेकंद उरले होते आणि नळी काही केल्या स्थिर होत नव्हती. एरवी अशा वेळी ती हट्टाने चाप ओढायची आणि मग घरी जाऊन रडायची. पण पिस्तूल धरलेला हात भरून आला की मुकाट्याने खाली घ्यावाच लागतो, आणि ते आता तिच्या अंगवळणी पडलं होतं.

तिने रायफल खांद्यावरून उतरवली. सर खुर्चीतून अर्धवट उठले. एक श्वास घेऊन तिने ती पुन्हा खांद्याला लावली आणि चापाला फक्त बोट टेकवलं.

दहा पॉइंट सहा.

बाहेर सरांनी तिचं जड जॅकेट आपल्या हातात घेतलं. शाबासकी देणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

"उद्या तुझी पिस्तुलाची फायनल किती वाजता आहे?" त्यांनी विचारलं.