ओगाताचं गाणं

“चांगले खेळाडू सगळे अमेरिकेला पळाले, तर जपानचं बेसबॉल बघायला येणार कोण? पुढच्या वर्षी मी तर नाही!” शिगेकोने नवऱ्याला ऐकवलं आणि ट्रम्पेट मांडीवर टाकला. आज अमेरिकेला निघालेल्या ओगाताचा निरोपाचा सामना. इथे प्रत्येक फलंदाजाचं वेगळं गाणं चाहतेच वाजवतात. ओगाताचं तिनेच रचलं होतं.

ओगाता बॅट घेऊन आला. तिच्यामागचे वादक तिच्या इशाऱ्याची वाट बघत होते, पण तिने ट्रम्पेट उचललाच नाही. तेवढ्यात समोरून, प्रतिस्पर्ध्यांच्या स्टँडमधून, तेच गाणं सुरू झालं.

शिगेको ताडकन उठली. “अरे, ठेका चुकतोय!” ओरडत तिने ट्रम्पेट ओठांना लावला. अख्खं स्टेडियम गाऊ लागलं. गाणं संपेपर्यंत गोलंदाजानेही चेंडू टाकला नाही.

“पुढच्या वर्षीचा पास काढू ना?” नवऱ्याने हळूच विचारलं.

“म्हणजे काय! या समोरच्यांना ठेका कोण शिकवणार?”